तापाची वर्दी

नागपुरांत धरमपेठेच्या बाजूस अशीं पुष्कळ घरें आढळतील, कीं ज्यांत बाहेरगांवचा एखादा आप्त औषधोपचारासाठीं येऊन राहिलेला असतो. कोणाचे काका वर्ध्याहून आलेले असतात, कोणाची वहिनी गोंदियाहून, कोणाच्या आत्याबाई चंद्रपुराहून. मानेवाडा रस्त्यावरील राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, वर्धा रस्त्यावर जामठ्यास असलेली राष्ट्रीय कर्करोग संस्था, किंवा सारें शहर ज्यास नुसतें ‘मेडिकल’ म्हणून ओळखतें तें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय, यांपैकीं कोठें तरी त्यांचा उपचार चालूं असतो. पुष्कळदां क्रम असा असतो, कीं तीन आठवड्यांतून एकदां रुग्णालयांत जावें, शिरेंतून औषध घ्यावें आणि घरीं परतावें. औषधाचा दिवस मोठ्या काळजीचा. सारें घर त्या दिवशीं जागें असतें. रोगी घरीं परतला, ओकाऱ्या थांबल्या, दोन घांस पोटांत गेले, कीं घरच्या माणसांस वाटतें, आतां पुढच्या खेपेपर्यंत विसांवा. आजच्या भाषणाचा विषय या विसांव्याच्या दिवसांसंबंधीं आहे. कारण कर्करोगाच्या रोग्यास जंतूंपासून असलेला मोठा धोका नेमका याच दिवसांत दबा धरून असतो, आणि त्या वेळीं जवळ डॉक्टर नसतात, परिचारिका नसतात. असतात तीं घरचीं माणसें.

अमुक गृहस्थ कर्करोगानें वारले असें कानावर येतें, तेव्हां गांठ वाढत जाऊन माणसास ग्रासते, असेंच चित्र ऐकणाऱ्याच्या मनांत उभें राहतें. तें कित्येकदां खरें असतें, परंतु नेहमींच नाहीं. रक्ताच्या कर्करोगांत तर शेवटचा घाव पुष्कळदां जंतूंचा असतो. फुप्फुसांत उतरलेल्या किंवा रक्तांत भिनलेल्या जंतूंचा. यांतील दुःखाची गोष्ट ही, कीं अशा रोग्यांपैकीं कांहींचा मूळ रोग औषधास दाद देत असतो. रोगी बरा होण्याच्या वाटेस लागलेला असतो आणि त्या वाटेंतच जंतु त्यास गांठतात. हा मृत्यु पुष्कळ वेळां टाळतां येण्यासारखा असल्यामुळें त्याची माहिती घरोघरीं असणें अगत्याचें आहे.

शरीराचें रक्षण कसें होतें हें थोडक्यांत पाहिल्याविना हा धोका नीट ध्यानांत यावयाचा नाहीं. कातडी हा शरीराचा पहिला कोट. तोंडापासून आंतड्यांपर्यंत पसरलेलें ओलें अस्तर हा दुसरा. या कोटांस कोठें भगदाड पडून जंतु आंत शिरले, तर त्यांवर पहिल्यानें धांवून जातात त्या रक्तांतील पांढऱ्या पेशी, आणि त्यांतहि ‘न्यूट्रोफिल’ नांवाच्या पेशी. त्या जंतूंस गिळतात, मारतात आणि बहुधा स्वतःहि मरतात. जखमेंत जो पू सांचतो तो मुख्यतः या मेलेल्या शिपायांचा ढीग होय. रक्तांत उतरल्यावर न्यूट्रोफिलचें आयुष्य अवघें कांहीं तासांचें, फार तर एखाद्या दिवसाचें असतें. यामुळें हाडांतील मज्जेस त्या अखंड तयार कराव्या लागतात. निरोगी प्रौढ माणसाच्या मज्जेंत दररोज सुमारें १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात. हा कारखाना आठवडाभर मंदावला तर काय होईल, याचा अंदाज या एका आंकड्यावरून यावा.

केमोथेरपीच्या औषधांनीं हा कारखाना मंदावतो. कर्करोगाच्या पेशी भराभर विभागत असतात, म्हणून विभागणाऱ्या पेशींवर घाव घालणारीं औषधें त्यांवर योजिलीं जातात. परंतु शरीरांत भराभर विभागणाऱ्या इतरहि पेशी आहेत: केसांच्या मुळांतील, तोंडाच्या व आंतड्यांच्या अस्तरांतील, आणि हाडांच्या मज्जेंतील. औषधास आपपर भाव नसतो. केस गळतात तें डोळ्यांस दिसतें, म्हणून त्याचें दुःख सर्वांस होतें. मज्जेवर बसलेला घाव मात्र कोणास दिसत नाहीं. तो रक्ताच्या तपासणींतच कळतो.

या औषधांच्या इतिहासांत एका भारतीयाचें नांव आदरानें घ्यावें लागतें. आंध्रांतील भीमावरम् येथें जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेंत लेडर्ली प्रयोगशाळांच्या संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखालीं तयार झालेलें अमिनॉप्टेरिन हें औषध बोस्टनचे डॉक्टर सिडने फार्बर यांनीं रक्ताच्या कर्करोगानें पछाडलेल्या मुलांस दिलें. कांहीं मुलांचा रोग, तात्पुरता कां होईना, हटला. हा वृत्तांत १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं लेडर्लींतच बेंजामिन डग्गर यांनीं शोधून काढलेलें ऑरिओमायसिन हें जंतुनाशक औषध जगापुढें आलें, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें सुब्बाराव निवर्तले. कर्करोगावरचें एक शस्त्र आणि जंतूंवरचें दुसरें, हीं दोन्ही एकाच ठिकाणीं निपजावीं हा योगायोग खरा. पण पहिलें शस्त्र दुसऱ्यावांचून निर्धास्तपणें चालवितां येत नाहीं, हें पुढील वीस-पंचवीस वर्षांत सिद्ध झालें.

तें आंकड्यांनिशीं सिद्ध करण्याचें काम १९६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधानें केलें. बोडी, बकली, साठे आणि फ्रायराइक हे त्याचे लेखक. त्यांतील साठे हें आडनांव मराठी कानास परकें नाहीं. तीव्र रक्तकर्करोगाच्या रोग्यांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशींची संख्या आणि त्यांस झालेले जंतुसंसर्ग यांचा मेळ त्यांनीं घालून पाहिला. एक घन मिलिमीटर रक्तांत या लढाऊ पेशी १,००० च्या खालीं गेल्या कीं संसर्ग वाढूं लागतात आणि संख्या जसजशी उतरेल तसतसे ते अधिकच वाढत जातात. १०० च्या खालीं धोका फारच मोठा. शिवाय संख्या किती खालीं गेली याइतकेंच ती किती दिवस खालीं राहिली यासहि महत्त्व आहे. पुढें या कामाच्या आधारें ५०० ही धोक्याची रेघ जगभर मानली जाऊं लागली.

सुशिक्षित घरांतील कोणासहि हा हिशेब करतां येण्यासारखा आहे. रक्ततपासणीच्या कागदावर पांढऱ्या पेशींची एकूण संख्या दिलेली असते आणि त्यांत न्यूट्रोफिल शेंकडा किती तेंहि दिलेलें असतें. निरोगी माणसाची एकूण संख्या साधारणतः ४,००० ते ११,००० असते. समजा, रोग्याची एकूण संख्या १,२०० आली आणि न्यूट्रोफिल शेंकडा ३० आले. १,२०० चे शेंकडा ३० म्हणजे ३६०. ही संख्या ५०० च्या खालीं आहे. म्हणजे रोगी बसून बोलत असला, वर्तमानपत्र वाचीत असला, तरी त्याच्या शरीराचा दरवाजा उघडा आहे आणि पहाऱ्यावर जवळजवळ कोणी नाहीं.

हे उघड्या दरवाजाचे दिवस कोणते? निरनिराळ्या औषधांप्रमाणें त्यांत फरक पडतो. तथापि पुष्कळ औषधांच्या बाबतींत, औषध दिल्यापासून ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान पेशींची संख्या तळ गांठते आणि त्यानंतर ती हळूहळू चढूं लागते. रक्ताच्या कर्करोगाच्या जबर उपचारांत हा तळ लवकर येतो व तीन-तीन आठवडे टिकतो. असे रोगी म्हणूनच रुग्णालयांत ठेवले जातात. इतर रोगी मात्र या सुमारास घरीं असतात. नागपुरास औषध घेऊन गांवीं परतलेला रोगी नेमक्या याच दिवसांत शेताच्या बांधावर बसलेला असतो, आणि धरमपेठेंत राहिलेला रोगी गोकुळपेठच्या बाजारापर्यंत पाय मोकळे करून येऊं म्हणत असतो. पहिल्या चार-पांच दिवसांचा थकवा ओसरल्यामुळें त्यास बरें वाटत असतें. बरें वाटण्याचे दिवस आणि धोक्याचे दिवस असे एकावर एक येतात.

जंतु येतात कोठून, याविषयीं घरोघरीं एक समजूत असते. ते बाहेरून, पाहुण्यांच्या पायांनीं, हवेंतून, भांड्यांवरून येतात असें मानून रोग्यास एका खोलींत जवळजवळ सोंवळ्यांत ठेवण्यांत येतें. नातवंडास जवळ येऊं देत नाहींत, ताट वेगळें करितात, आणि आधींच खचलेला जीव अधिक एकटा पडतो. वस्तुतः या रोग्यांस ग्रासणारे पुष्कळसे जंतु त्यांच्या स्वतःच्या शरीरांतलेच असतात. इ. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास यांसारखे जंतु आंतड्यांत वस्ती करून असतात किंवा उपचाराच्या काळांत तेथें वस्तीस येतात. स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतु कातडीवर असतात. एरवीं ते निरुपद्रवी. परंतु औषधानें तोंडाचें व आंतड्यांचें अस्तर सोललें गेलें, कीं तेथूनच ते रक्तांत उतरतात. औषधासाठीं शिरेंत बसविलेली नळी किंवा कातडीखालीं बसविलेलें पोर्ट, हीहि जंतूंची एक वाट होऊं शकते. तेव्हां कर्करोग हा शिवल्यानें होणारा रोग नव्हे हें तर खरेंच. पण रोग्यास होणारा जंतुसंसर्गहि बहुधा कोणी शिवल्यानें झालेला नसतो. सर्दी, खोकला, ताप, गोंवर, कांजिण्या अशीं दुखणीं असलेल्या माणसानें मात्र दूर राहावें. धडधाकट नातवानें हात धुऊन आजोबांजवळ बसण्यास हरकत नाहीं.

आतां या विषयांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. निरोगी माणसास जंतुसंसर्ग झाला तर शरीर दहा मार्गांनीं हांका मारतें. जागा लाल होते, सुजते, ठणकते, पू धरते. छातींत कफ भरतो. लघवींत पू सांपडतो. हीं सारीं लक्षणें बव्हंशीं पांढऱ्या पेशींच्या धांवपळीचीं आहेत. पेशीच नाहींत तेथें पू कशाचा आणि सूज कशाची? फुप्फुसांत जंतु असूनहि क्ष-किरणांच्या चित्रांत पहिल्यानें कांहीं दिसत नाहीं. नळीच्या तोंडाशीं किंचित् लाली, गुदद्वाराजवळ नुसतें दुखणें, एवढ्यावर मोठा संसर्ग लपलेला असतो. अशा शरीराजवळ हांक मारण्याचें एकच साधन उरतें, तें म्हणजे ताप. केमोथेरपी चालूं असलेल्या रोग्याचा ताप ही एक वर्दी आहे, आणि कित्येकदां ती एकदांच मिळते.

या वर्दीची किंमत वैद्यकासहि उशिरां कळली. रोग्यास ताप आला तर रक्त घ्यावें, तें जंतूंच्या वाढीसाठीं प्रयोगशाळेंत ठेवावें, जंतु ओळखला म्हणजे त्यावरचें औषध द्यावें, अशी जुनी शास्त्रशुद्ध रीत होती. इतर दुखण्यांत ती योग्यच. परंतु प्रयोगशाळेचें उत्तर येण्यास दोन-तीन दिवस लागत, आणि पांढऱ्या पेशी नसलेल्या रोग्यास, विशेषतः स्यूडोमोनासनें गांठलेल्या रोग्यास, तेवढी सवड नसे. १९७१ सालीं बाल्टिमोर येथील शिंफ व त्यांचे सहकारी यांनीं निराळा मार्ग प्रसिद्ध केला. ताप दिसतांच, जंतूची ओळख पटण्याची वाट न पाहतां, कार्बेनिसिलिन व जेंटामायसिन अशीं दोन औषधें एकदम सुरू करावयाचीं. औषधें पुढें बदललीं, पण तत्त्व तेंच राहिलें: आधीं उपचार, मग ओळख. याच्या जोडीस १९९१ पासून मज्जेस चेतवून पांढऱ्या पेशी लवकर तयार करविणारें इंजेक्शनहि उपलब्ध झालें.

पांढऱ्या पेशींवांचूनचे दिवस पार करतां येतात, अशी खात्री पटल्यावरच अधिक धाडसी उपचार शक्य झाले. मेहेरबाई टाटा या १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. टाटा विश्वस्तनिधीनें परळ येथें उभारलेलें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. त्याच रुग्णालयांत १९८३ सालीं डॉक्टर सुरेश अडवाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रक्तकर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीवर भारतांतील पहिलें यशस्वी मज्जारोपण केलें. मज्जा तिच्या भावाची होती. मज्जारोपणांत रोग्याची स्वतःची मज्जा औषधांनीं पार पुसून टाकावी लागते आणि नवी मज्जा रुजेपर्यंत कित्येक दिवस न्यूट्रोफिलची संख्या शून्याच्या आसपास असते. जंतूंवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवल्याविना हा घाट ओलांडतां येत नाहीं.

हाच पहारा लहान प्रमाणांत घरीं ठेवावयाचा असतो. त्याचें मुख्य साधन म्हणजे तापमापक. घरांत चालूं स्थितींतला एक तापमापक रोग्याच्या उशाशीं असावा. ताप म्हणजे किती, याचें माप ठरलेलें आहे: तोंडांत घेतलेलें माप एकदांच १०१ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८.३ सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक आलें, अथवा १००.४, म्हणजे ३८ सेल्सिअस, एवढा ताप तासभर टिकला, तर तो धोक्याचा ताप समजावा. चहा किंवा थंड पाणी घेतल्यावर लगेच माप घेऊं नये. तोंड आलें असल्यास काखेंत मोजावें. मात्र काखेंतील माप तोंडांतील मापापेक्षां कमी भरतें हें लक्षांत ठेवावें. गुदद्वारांत तापमापक घालूं नये आणि एनिमाहि देऊं नये, कारण तेथील नाजूक अस्तर दुखावल्यास जंतूंस वाट मिळते. नागपुरच्या वैशाखांत अंग सदाच तापल्यासारखें लागतें. म्हणून कपाळास हात लावून केलेली परीक्षा कामाची नाहीं.

समजा, आषाढांतली रात्र आहे, बाहेर पाऊस लागला आहे. औषध घेऊन दहा दिवस झालेल्या आत्याबाईंस अकराच्या सुमारास हुडहुडी भरते. त्या म्हणतात, “अरे, गारठा बाधला असेल. एक तापाची गोळी दे आणि मला झोपूं दे. एवढ्या रात्रीं कुठें निघतां?” भाचा घुटमळतो. घरांतल्या वडील माणसाचा शब्द मोडावयाचा, पावसांत गाडी काढावयाची, आणि रुग्णालयांतले लोक म्हणावयाचे, एवढ्यासाठीं कां आलां? सूनबाई तापमापक पाहते. पारा १०१ च्या वर गेलेला असतो. ती म्हणते, “आत्याबाई, गोळी नंतर. आधीं आपण जाऊन येऊं. कांहीं निघालें नाहीं तर सकाळीं तुम्ही मला हंसा.” या घरांत सूनबाईचें म्हणणें खरें मानावें. तापाची गोळी दिली असती तर घाम सुटून ताप उतरला असता, आत्याबाई झोपल्या असत्या, सारें घर निवांत झालें असतें. आणि जंतु रात्रभर वाढत राहिले असते. पहाटे अंग गार पडून, नाडी क्षीण होऊन, लघवी थांबून जेव्हां जाग आली असती, तेव्हां रुग्णालयाचा रस्ता तेवढाच राहिला असता, पण वेळ उरली नसती. म्हणून केमोथेरपीच्या काळांत माप घेऊन डॉक्टरांशीं बोलल्यावांचून पॅरासिटामॉलची गोळी देऊं नये.

निघतांना तीन वस्तु बरोबर असाव्या: उपचाराची फाईल, शेवटचा रक्ततपासणीचा कागद, आणि चालूं असलेल्या औषधांची यादी. तांतडीच्या विभागांत शिरतांच, रांगेंत बसण्यापूर्वीं, एवढें वाक्य स्पष्टपणें सांगावें, “यांची केमोथेरपी चालूं आहे, अमक्या तारखेस औषध दिलें, आणि आतां ताप आहे.” नुसता ‘ताप आहे’ असें म्हटल्यास पावसाळ्यांत रोग्याची गणना इतर तापकऱ्यांत व्हावयाची. येथून पुढें घड्याळाचा हिशेब सुरू होतो. असा रोगी दारांत आल्यापासून तासाच्या आंत शिरेंतून जंतुनाशकाची पहिली मात्रा सुरू व्हावी, असें जगभरच्या तज्ज्ञांचें मत आहे. औषधापूर्वीं रक्त तपासणीसाठीं काढून घेतात; परंतु त्याच्या उत्तरासाठीं औषध अडवून ठेवीत नाहींत. शंभर रोग्यांपैकीं दहा ते पंचवीस जणांच्याच रक्तांत जंतु प्रत्यक्ष सांपडतात. म्हणून तपासणींत कांहीं निघालें नाहीं, तर येणें फुकट गेलें असें समजूं नये. कांहीं रोग्यांचा धोका कमी आहे असें तपासून ठरवून डॉक्टर त्यांस गोळ्या देऊन घरीं पाठवितात; पण हा निर्णय डॉक्टरांचा, घरच्यांचा नव्हे.

तापावांचूनहि कधीं कधीं घाला येतो, हेंहि लक्षांत असूं द्यावें. वृद्ध माणसांस, आणि डेक्सामिथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांसारखीं स्टेरॉइड औषधें चालूं असलेल्यांस, मोठा संसर्ग होऊनहि ताप येत नाहीं. हुडहुडी, एकाएकीं आलेली ग्लानि, बोलण्यांतील असंबद्धपणा, धाप, लघवी कमी होणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास तापाची वाट पाहूं नये.

आणखी एक मोह घरच्यांनीं टाळावा. मागच्या दुखण्यांतील उरलेल्या कॅप्सुली डब्यांत असतात. दुकानदाराच्या सांगण्यावरून आणखी दोन आणल्या जातात. अर्धवट घेतलेल्या अशा औषधांनीं संसर्ग दडपतो, मरत नाहीं, आणि रक्तांतील जंतु तपासणींत सांपडेनासा होतो. इ. कोलाय व क्लेब्सिएला यांचे असे वाण भारतांतील रुग्णालयांत आढळतात, कीं ज्यांवर कार्बापेनेम वर्गाचीं राखीव औषधेंहि चालत नाहींत. जंतुनाशकांचा जेथें तेथें केलेला वापर याचें एक मोठें कारण आहे. आणि त्याची किंमत पहिल्यानें मोजतात ते पांढऱ्या पेशी नसलेले रोगी.

घरची स्वच्छता साधीच, पण नेमाची असावी. १८४७ सालीं व्हिएन्ना येथें सेमेलवाइस यांनीं डॉक्टरांस हात धुण्यास लावून बाळंतिणींचे मृत्यु कमी केले. त्याहून स्वस्त आणि त्याहून गुणकारी उपाय या कामीं नाहीं. स्वयंपाकापूर्वीं, शौचानंतर, रोग्याच्या नळीस हात लावण्यापूर्वीं हात साबणानें धुवावे. अन्न ताजें, नीट शिजलेलें असावें. पाणी उकळून गार केलेलें. फळें अजिबात वर्ज्य करण्याची पूर्वींची कडक रीत आतां फारशी उपयोगाची मानली जात नाहीं; ज्यास जाड साल आहे असें फळ, नागपुरचें संत्रेंच घ्या ना, सालीसकट धुऊन, स्वच्छ हातांनीं सोलून देण्यास सहसा हरकत नसते. चिरून ठेवलेलीं फळें, उघड्यावरचा उसाचा रस व न धुतलेली कोथिंबीर टाळावी. उन्हाळ्यांत कूलरच्या टांकींतलें पाणी आठवडेच्या आठवडे सांचूं देऊं नये, आणि फुलदाणींतलेंहि नाहीं. सांचलेल्या पाण्यांत जंतु पोसतात.

तोंडाची निगा हा विदर्भांत विशेष महत्त्वाचा विषय आहे. खर्ऱ्याच्या व तंबाखूच्या पायीं येथें तोंडाचा कर्करोग फार. अशा रोग्याच्या तोंडांतील व्रणांत जंतु घर करितात, गिळतांना ठसका लागून ते फुप्फुसांत उतरतात, किडलेल्या दातांतून ते जबड्यांत शिरतात. म्हणून किरणोपचारापूर्वींच दांत तपासून घ्यावे. मऊ ब्रश वापरावा. मीठ-सोड्याच्या पाण्यानें दिवसांतून अनेकदां चुळा भराव्या. आणि उपचार चालूं असतां खर्रा चोरून खाणाऱ्यास प्रेमानें, पण निश्चयानें, अडवावें.

पांढऱ्या पेशी कमी होणें हीच जंतूंची एकमेव संधि असते असेंहि नाहीं. फुप्फुसांतील गांठीनें श्वासाची वाट अडली तर तिच्या मागें न्यूमोनिया धरतो. पित्ताची किंवा लघवीची वाट गांठीनें दाबली गेली तर तेथें जंतु माजतात. मज्जेच्या मायलोमा नांवाच्या कर्करोगांत रक्तांतील प्रतिद्रव्यें कमी पडतात. लहानपणीं शरीरांत दडून राहिलेला क्षयहि या अशक्त काळांत डोकें वर काढूं शकतो. न्यूमोनियाची व फ्लूची लस केव्हां घ्यावी आणि कोणत्या जिवंत लशी टाळाव्या, हें उपचार सुरू होण्यापूर्वींच डॉक्टरांस विचारून ठेवावें.

पुढच्या खेपेस औषध घेऊन घरीं परतल्यावर भिंतीवरच्या कालनिर्णयावर सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत एक रेघ ओढावी. तिच्या शेजारीं रुग्णालयाचा दूरध्वनि क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि रात्रीं-अपरात्रीं कोण गाडी काढील तें आधींच ठरवून टाकावें. एवढी तयारी झाली म्हणजे त्या रेघेच्या आंतल्या एखाद्या रात्रीं पारा १०१ वर गेला, तर घरांत चर्चा होणार नाहीं. कोणी तरी फाईल उचलील, कोणी आत्याबाईंच्या अंगावर शाल घालील, आणि घर निघेल. सकाळीं कांहींच निघालें नाहीं, तर आत्याबाईंनीं सूनबाईस खुशाल हंसावें.